आज्ञा कोणाची? : अद्भुतरम्य कादंबरीतील दुष्ट राजपात्रे आणि त्यांचे माध्यमांतर

कादंबरीवरून तयार झालेल्या चित्रपटाची किंवा दूरचित्रवाणी मालिकेची चर्चा बहुधा मूळ संहितेशी असलेल्या निष्ठेच्या प्रश्नापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. काय गाळले, काय बदलले, काय नव्याने घातले याची यादी झाली की माध्यमांतराचा अभ्यास झाला, असा समज अजूनही रूढ आहे. जॉर्ज ब्लूस्टोन यांनी १९५७ साली ‘नॉव्हेल्स इन्टू फिल्म’ या ग्रंथात कादंबरी आणि चित्रपट यांची ग्रहणप्रक्रियाच मुळात भिन्न असल्याचे दाखवून दिले होते. त्यानंतर या विषयावर पुष्कळ लेखन झाले. तरीही वर्गातील चर्चेचा सूर फारसा बदललेला नाही. प्रस्तुत लेखात अशी यादी करावयाची नाही. अद्भुतरम्य कादंबरीतील दुष्ट राजा, राणी वा राजपुत्र पडद्यावर आला की त्याच्यात होणारे बदल वरवर पाहता सुटे सुटे वाटतात. परंतु त्यांतील बऱ्याच बदलांच्या मुळाशी एकच अडचण आहे. त्या अडचणीचा शोध घेणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दुष्ट राजपात्र इतर खलपात्रांहून एका बाबतीत वेगळे असते. चोर स्वतः चोरी करतो, मारेकरी स्वतः मारतो. राजा मात्र बहुधा स्वतः काहीच करीत नाही. तो सांगतो आणि इतर करतात. त्याचे पाप हे मुख्यतः आज्ञेचे पाप असते. धनंजयाच्या ‘दशरूपका’त प्रतिनायकाचे वर्णन लोभी, धीरोद्धत, हट्टी, पापाचरणी आणि व्यसनी असे आले आहे. ही सर्व स्वभावाची विशेषणे आहेत. पापकृत्य प्रत्यक्षात कसे घडून येते याचा विचार त्यात नाही. मराठी वाचकाला मात्र तो विचार परका नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याची जी आख्यायिका घराघरांत सांगितली जाते, तिच्या केंद्रस्थानी तलवार नाही. एक अक्षर आहे. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, म्हणजे धरण्याच्या हुकुमाचा मारण्याचा हुकूम केला, असे लोक मानत आले. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा टिकते की नाही हा वेगळा प्रश्न आहे. लोकस्मृतीला राजघराण्यातील पाप हुकुमाच्या कागदात शोधावेसे वाटले, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. रामशास्त्र्यांपुढेही अखेर हाच प्रश्न होता: आज्ञा कोणाची?

कादंबरी हा प्रश्न हवा तितका वेळ अंधारात ठेवू शकते. निवेदक कोणाच्या दृष्टीने पाहतो आहे यावर आज्ञेचे उच्चारण वाचकाला ऐकू येणार की नाही हे ठरते. कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी आहे. पडद्यावर आज्ञा द्यावयाची तर ती कोणाच्या तरी मुखातून, एखाद्या दालनात, कोणाच्या तरी समोर द्यावी लागते. ती न दाखवणे शक्य असते. पण मग न दाखवणे हीच एक ठळक कृती होते आणि प्रेक्षकाच्या नजरेतून ती सुटत नाही. हा फरक किती दूरवर परिणाम करतो, हे जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्या आणि त्यांवरील दोन मालिका यांच्या आधारे चांगले पाहता येते.

१

‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालेचा पहिला खंड १९९६ साली प्रसिद्ध झाला, पाचवा २०११ साली. त्यावर आधारलेली ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका १७ एप्रिल २०११ ते १९ मे २०१९ या काळात आठ पर्वांत आणि ७३ भागांत प्रसारित झाली. कादंबऱ्यांची रचना सर्वपरिचित आहे. प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या दृष्टिबिंदूतून सांगितले जाते आणि त्या पात्राला जे दिसत नाही ते वाचकालाही दिसत नाही. येथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावयास हवी. पहिल्या तीन खंडांत, म्हणजे २००० सालापर्यंत, राजगादीवर बसलेल्यांपैकी कोणालाही हा दृष्टिबिंदू दिलेला नाही. राजा रॉबर्ट, राणी सर्सी, तिचा मुलगा जॉफ्री हे सर्व बाहेरून पाहिलेले आहेत. जॉफ्री तर मृत्यूपर्यंत बाहेरूनच दिसतो. कधी भेदरलेल्या सान्साच्या नजरेतून, कधी त्याचा मामा टिरियन याच्या उपहासातून.

या बाहेरून पाहण्याचा परिणाम सूक्ष्म आहे. पहिल्या खंडात कोवळ्या ब्रॅनला मारण्यासाठी एक मारेकरी पाठवला जातो. तो कोणी पाठवला यावर पुढे युद्ध पेटते. उत्तर तिसऱ्या खंडात मिळते आणि तेही अनुमानाने. दोन पात्रे स्वतंत्रपणे जुन्या गोष्टी आठवतात, जुळवतात आणि जॉफ्रीपाशी येऊन थांबतात. त्या मुलाने ती आज्ञा दिली तो क्षण वाचकाने कधीच पाहिलेला नाही. बापाने सहज उच्चारलेले वाक्य मुलाने ऐकले असावे आणि बापाच्या डोळ्यांत मोठे होण्यासाठी हे केले असावे, अशी एक शक्यता तेथे सुचवली जाते. एका राक्षसी कृत्यामागे बापाच्या कौतुकासाठी आसुसलेले मूल असू शकते, हे वाचकाला खुनाच्या बातमीनंतर दीड-दोन हजार पानांनी कळते. मालिकेने या प्रश्नाचे उत्तर जॉफ्रीपर्यंत कधी निःसंदिग्धपणे नेलेच नाही. अनुमानाची जागा घेऊ शकेल असे दृश्य त्यासाठी निर्माण करावे लागले असते, आणि तोवर त्या पात्राला मालिकेने एका वेगळ्याच दिशेने नेले होते.

ती दिशा उघड क्रौर्याची होती. दुसऱ्या पर्वात (२०१२) टिरियनने भाच्याकडे दोन वेश्या पाठवल्याचे आणि जॉफ्रीने एकीला दुसरीस बेदम मारावयास लावल्याचे दृश्य आहे. तिसऱ्या पर्वात (२०१३) रॉस या वेश्येला तो आडव्या धनुष्याच्या बाणांनी मारतो. हे दोन्ही प्रसंग कादंबरीत नाहीत. रॉस हे पात्रच मालिकेने निर्माण केलेले आहे. कादंबरीतला जॉफ्री काही दयाळू नाही. तोही सान्साला भर दरबारात मारवतो, तोही उपाशी प्रजेवर बाण सोडतो. पण तो लग्नाच्या दिवशी जेमतेम तेरा वर्षांचा आहे. १९९२ साली जन्मलेला जॅक ग्लीसन तेच लग्न साजरे करीत पडद्यावर दिसला तो २०१४ साली. तेरा वर्षांच्या मुलाचे क्रौर्य वाचताना त्याला कोणी आवरत कसे नाही असा प्रश्न मनात येतो. विशीतल्या तरुणाचे क्रौर्य पाहताना याला कोणी संपवत कसे नाही असा प्रश्न येतो. त्या विवाहप्रसंगाची पटकथा स्वतः मार्टिन यांनी लिहिली होती, हेही नोंदवण्यासारखे आहे. मूळ लेखक हाती असूनही पात्राचे वय त्याच्या हाती नव्हते.

जॉफ्रीची ही वाढ केवळ सनसनाटीसाठी झाली असे म्हणणे सोपे आहे आणि काही अंशी ते खरेही आहे. परंतु त्यात एक हिशेबही दिसतो. राजा रॉबर्टच्या अनौरस संततीची हत्या हा दुसऱ्या खंडातील भयंकर भाग. तान्ह्या मुलीला मारणारा तो हुकूम कादंबरीत राणी सर्सीकडे जातो. मालिकेच्या दुसऱ्या पर्वात टिरियन बहिणीला त्याचा जाब विचारतो. ती समर्थन करू पाहते, अडखळते, गप्प होते. त्या गप्प होण्यातून टिरियनला, आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकाला, कळते की हुकूम मुलाचा होता आणि आईला तो विचारलाही गेला नव्हता. दृश्य उत्तम वठले आहे. तेवढ्या एका क्षणात पाप आईच्या खात्यातून मुलाच्या खात्यात जमा झाले. आईच्या वाट्याला काय आले? मुलगा हाताबाहेर गेल्याची व्यथा.

२

सर्सीच्या बाबतीत हे पापाचे स्थलांतर पहिल्या पर्वापासून चालू आहे. दुसऱ्याच भागात ती शोकाकुल कॅटलिनजवळ बसून आपल्या पहिल्या बाळाची आठवण सांगते. काळ्या केसांचा, रॉबर्टपासून झालेला तो मुलगा तापाने गेला, असे ती म्हणते. कादंबरीत असे मूल जन्मालाच येत नाही. तेथे ती नेड स्टार्कला बागेत स्वच्छ सांगते की रॉबर्टपासून एकदा गर्भ राहिला होता आणि तो तिने काढून टाकला. एकाच स्त्रीच्या या दोन भूतकाळांत केवढे अंतर आहे! एकीने नवऱ्याचे मूल गमावले आहे; दुसरीने ते नाकारले आहे. नाकारणे ही कृती आहे, तीत द्वेष आहे आणि निर्णयही आहे. गमावणे ही आपत्ती आहे. मालिकेने निर्णयाच्या जागी आपत्ती ठेवली.

पटकथाकारांची अडचण समजण्यासारखी आहे. पहिल्या तीन खंडांतील सर्सी आतून दिसत नाही, पण लीना हेडी ही अभिनेत्री पहिल्या दिवसापासून क्लोज-अपमध्ये दिसणार होती. चेहरा दिसला की त्यामागे मन आहे असे प्रेक्षक गृहीत धरतो, आणि ते मन रिकामे ठेवता येत नाही. म्हणून कादंबरीत नसलेले प्रसंग आले. पाचव्या भागातील राजाराणीचा, आपल्या मोडक्या संसाराबद्दल थकून हसण्याचा प्रसंग हा त्यांतील सर्वांत चांगला. तो लिहिण्याची मोकळीक कादंबरीच्या मौनामुळेच मिळाली होती.

मात्र चौथ्या खंडात (२००५) मार्टिन यांनी हे मौन सोडले. ‘अ फीस्ट फॉर क्रोज’मध्ये सर्सीच्या दृष्टीने सांगितलेली दहा प्रकरणे आहेत आणि त्यांनी वाचकाची मोठी फसगत केली. एवढी वर्षे दाराआड असलेली राणी आतून पाहिली म्हणजे तिच्याविषयी कणव वाटेल, असा वाचनाचा सर्वसाधारण अनुभव आहे. येथे नेमके उलटे घडते. आत गेल्यावर कळते की ती आपल्याला वाटली होती तेवढी चतुरही नाही. ती स्वतःला बापाची खरी वारस समजते, बापाचे एकही कसब तिच्यापाशी नाही. मद्याचे प्रमाण वाढत जाते, संशय वाढत जातो, आणि प्रत्येक चूक तिला स्वतःला विजय वाटते. निवेदन तिच्या शब्दांत आहे, परंतु तिच्यामागे उभा राहून कोणी तरी हसतो आहे हे वाचकाला सतत जाणवते. औपरोधिक निवेदनाचा असा सलग प्रयोग या प्रकारच्या कादंबरीत विरळाच.

आणि तरीही आज्ञा लपलेलीच राहते. या खंडात टिरियनने नेमलेला मुख्य धर्मगुरू झोपेत मरतो. आपण राणीच्या मनात वावरत असूनही त्या मृत्यूमागील हुकूम आपल्याला धडपणे ऐकू येत नाही. केवळ सूचक उल्लेख येतात आणि निसटतात. खरे काय ते शेवटच्या प्रकरणात उघड होते. ज्याने उशी दाबून तो खून केला तो माणूस चाबकाच्या माराखाली कबुली देतो आणि राणीचे नाव घेतो. राणी स्वतःशीही त्या कृत्याचा पुरता उच्चार करीत नव्हती. पाप करणारा माणूस मनातल्या मनातही त्याचे नाव घेत नाही, हे अत्यंत खरे निरीक्षण येथे केवळ दृष्टिबिंदूच्या हाताळणीतून साधले आहे; त्याविषयी एकही भाष्य नाही.

मालिकेत हा खून नाही. पाचव्या पर्वात (२०१५) तो धर्मगुरू वेश्यागृहात सापडतो, त्याची धिंड निघते आणि नवा धर्मगुरू येतो. कथानक पुढे सरकते. राणीच्या खात्यातून एक खून वजा होतो. असे आणखीही काही वजा झाले आहे. कादंबरीतली सर्सी आपल्या आश्रयाला आलेल्या फॅलिस या सरदारकन्येला क्वायबर्नच्या तळघरात पाठवते. तिची दासी सेनेलही तेथेच जाते. खोटी साक्ष काढण्यासाठी एका गवयाचा छळ होतो. तळघरात काय चालते हे राणी पाहत नाही, विचारत नाही. हे सर्व मालिकेत गळले आहे. त्याऐवजी सहाव्या पर्वात तळघरात पडते ती उनेला ही धर्मसेविका, जिने सर्सीचा बंदिवासात छळ केलेला आपण पाहिला आहे. पुढच्या पर्वात एलारिया, जिने सर्सीच्या मुलीला विष घातलेले आपण पाहिले आहे. हा फरक किरकोळ नाही. कादंबरीतली राणी जे तिच्यावर विसंबले त्यांना गिळते. मालिकेतली राणी बहुतांशी ज्यांनी तिला दुखावले त्यांचा सूड घेते. सूडाला प्रेक्षक भीतभीत का होईना साथ देतो. विश्वासघाताला देत नाही.

भविष्यवाणीचेही असेच. पाचव्या पर्वाच्या आरंभी लहान सर्सी जंगलातल्या भविष्य सांगणाऱ्या बाईकडे जाते. तीन मुले मरतील, तरुण राणी येऊन तुला खाली खेचील, एवढे तेथे सांगितले जाते. कादंबरीत याखेरीज आणखी एक वाक्य आहे: ‘धाकटा भाऊ’ गळा दाबून तुझा जीव घेईल. टिरियनविषयी तिने आयुष्यभर बाळगलेल्या द्वेषाचे मूळ या वाक्यात आहे. शिवाय तिच्याबरोबर गेलेली मैत्रीण पुढे विहिरीत पडून मरते आणि ती पडली की पाडली गेली याबद्दल निवेदन आपल्याला शंकित ठेवते. मालिकेत मैत्रीण आहे, विहीर नाही. मुलांच्या मरणाचे भाकीत आहे, भावाचे नाही. उरते ती पुन्हा एकदा आई.

पाचव्या खंडातील आणि पाचव्या पर्वाच्या अखेरीस येणारा प्रायश्चित्ताच्या पदयात्रेचा प्रसंग या दृष्टीने शेजारी ठेवून पाहावा. दोन्हीकडे राणीला केस कापून, विवस्त्र करून, गर्दीतून चालवले जाते. कादंबरीत वाचक तिच्या डोक्यात असतो. आपण सिंहीण आहोत हे ती स्वतःला पटवीत निघते. वाटेत तिला गर्दीत मेलेल्यांचे चेहरे दिसू लागतात. पटवणे हळूहळू तुटत जाते. तिची स्वतःविषयीची कथा कोसळणे हा तेथील मुख्य प्रसंग आहे, देहाची विटंबना हे त्याचे निमित्त आहे. पडद्यावर हा क्रम उलटतो. घंटा वाजते, ‘शेम’ हा शब्द पुन:पुन्हा येतो, शेण आणि शिव्या अंगावर पडतात. प्रेक्षक गर्दीच्या जागी उभा राहतो आणि म्हणूनच त्याला शरम वाटते. चित्रीकरणात चेहरा हेडीचा आणि देह दुसऱ्या एका अभिनेत्रीचा होता, दोन्ही तंत्राने जोडले गेले. तांत्रिक तपशील खरा, पण त्यात या माध्यमांतराची अवघी गोष्ट सामावली आहे असे वाटते.

मग २६ जून २०१६ रोजी प्रसारित झालेल्या भागाचे काय? धर्ममंदिर, त्यातील न्यायाधीश, सून, शत्रू आणि शेकडो निरपराध माणसे हिरव्या ज्वाळांत उडवणारी सर्सी पापक्षालनाच्या तर्काला छेद देत नाही काय? देते, आणि म्हणूनच तो भाग मालिकेतील उत्कृष्ट भागांपैकी एक ठरला. कादंबऱ्या तेथवर पोहोचलेल्या नव्हत्या. पटकथाकारांना मूळ संहितेचा आधार नव्हता आणि धाकही नव्हता. तेथे आज्ञेचे दृश्यच नाही. पियानोचे संथ स्वर, वेषभूषा करणाऱ्या माणसांची दृश्ये, एका पोरामागे तळघरात जाणारा तरुण, मेणबत्त्या, आणि खिडकीत हाती पेला घेऊन उभी असलेली स्त्री. हुकूम कोणी, केव्हा, कोणाला दिला हे ऐकू येत नाही आणि तरीही संशयाला जागा उरत नाही. कादंबरीने उशीखालच्या खुनाबाबत जे साधले होते ते येथे संकलनाने साधले. कॅमेरा आज्ञा लपवू शकत नाही असे नाही. ती लपवण्यासाठी त्याला लिखित शब्दाकडून उसने न घेता स्वतःची साधने वापरावी लागतात. पण लगेच पुढच्या दृश्यात कोवळा राजा खिडकीतून उडी टाकतो आणि राणीचे तिसरे मूल जाते. मालिकेला तिला आईपणाबाहेर फार वेळ राहू देणे जमत नाही.

३

दुसरी मालिका या अडचणीला अधिक थेट भिडते. ‘फायर अँड ब्लड’ (२०१८) ही रूढार्थाने कादंबरी नाही. एका विद्वानाने जुन्या साधनांवरून लिहिलेली बखर, असे तिचे सोंग आहे. तिच्यातील साक्षीदार परस्परविरोधी आहेत: एक धर्मोपदेशक, एक दरबारी वैद्य, एक चावट विदूषक. मराठी वाचकाला हा प्रकार नवा वाटू नये. बखरींतील मृत्यूंची वर्णने ताडून पाहण्याची सवय त्याला इतिहासलेखनाने लावली आहे. यातील वृद्ध कोषाध्यक्षाचा मृत्यू पाहावा. तो कैदेत थंडीने गेला, खंजिराने गळा चिरून गेला, की खिडकीतून फेकला गेला, याच्या तीन साक्षी आहेत आणि बखरकार निवाडा देत नाही. राजा व्हिसेरिसच्या मरणात राणी ॲलिसेंटने चिमूटभर विषाची भर घातली, असे विदूषक सांगतो. विश्वास ठेवावा की नाही हे वाचकावर सोडलेले आहे. थोडक्यात, आज्ञा कोणाची हा प्रश्न येथे सुटत नाही. तो प्रश्न हाच ग्रंथाचा विषय आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ने तीन साक्षींतून एक निवडली नाही, चौथी रचली. कोषाध्यक्षाला खांदा धरून खाली बसवताना त्याचे डोके मेजावर आपटते आणि तो मरतो. म्हणजे अपघात. राजपुत्र एमंड आपल्या भाच्याचा, ल्युसेरिसचा, पाठलाग करून त्याला आकाशात ठार करतो, असे बखर सांगते. पडद्यावर त्याला केवळ भेदरवायचे असते. त्याची प्रचंड व्याळी व्हॅगार हुकूम मोडते आणि तो ओरडत राहतो. आज्ञा दिली गेली होती ती थांबण्याची, आणि ती पाळली गेली नाही! दुष्ट राजपुत्राचे पाप याहून स्वच्छ धुता येणार नाही.

सर्वांत बोलका बदल मात्र ॲलिसेंटचा आहे. बखरीत ती रेनिरापेक्षा नऊ-एक वर्षांनी मोठी, महत्त्वाकांक्षी सावत्र आई आहे आणि नवऱ्याचा श्वास थांबताच ती आपल्या मुलासाठी गादीची सिद्धता करते. मालिकेत दोघी समवयस्क मैत्रिणी होतात, आणि गादीचा प्रश्न एका गैरसमजावर उभा राहतो. अफूच्या गुंगीतला मरणोन्मुख राजा तिला रेनिरा समजून एका प्राचीन एगॉनविषयी बोलतो. ती ते आपल्या मुलाविषयी समजते. एका नावाची चूक आणि त्यातून राजघराण्याचा संहार. ‘ध’चा ‘मा’ येथेही झाला; फक्त तो कोणी केला नाही, आपोआप झाला. आनंदीबाईंच्या आख्यायिकेत अक्षर बदलणारा हात आहे. आख्यायिका कदाचित अन्यायाची असेल, पण त्या बाईला ती निदान इच्छा बहाल करते. पडद्यावरच्या ॲलिसेंटला सद्हेतू मिळतो आणि इच्छा काढून घेतली जाते. मंत्रिमंडळात तिला कळते की तिच्या पित्याने व इतरांनी हे सारे आधीच ठरवले होते. एवढे मोठे बंड आणि त्याची सूत्रधार त्याच्या उगमाला हजरच नाही.

या बदलांना स्त्रीपात्राविषयीची सहानुभूती म्हणावे काय? तसे म्हणणारे समीक्षक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. विदूषकाच्या तोंडून आलेली राणी ही पुरुषी कुचाळकीची राणी आहे आणि पटकथा तिला त्या कुचाळकीतून सोडवू पाहते. चौथ्या खंडातील सर्सीवरचा उपरोधही काही ठिकाणी निर्दय होतो. तिच्या वाढत्या अंगावर आणि घट्ट होणाऱ्या कपड्यांवर निवेदन जितके रेंगाळते तितके कोणा राजाच्या पोटावर रेंगाळत नाही. तरीही सहानुभूतीची किंमत पाहिली पाहिजे. गादीवरील स्त्रीने गुन्हा केला तर तो दुःखातून, भीतीतून किंवा गैरसमजातून केलेला असावा, अशी अट या सहानुभूतीत आहे. सत्तेची भूक तिला लागू शकते, हे मान्य करण्याइतकी ती उदार नाही.

पुरुष राजपात्राच्या बाबतीत याच मालिकेने वेगळे धाडस केले आहे. दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागात (२०२४) डेमन दोन मारेकऱ्यांना किल्ल्यात पाठवतो. बखरीत हेतू स्पष्ट आहे, मुलाच्या बदल्यात मुलगा. मालिकेत लक्ष्य एमंड आहे. तो सापडला नाही तर काय, असे विचारले जाते. कॅमेरा डेमनच्या चेहऱ्यावर थांबतो आणि दृश्य तुटते. पुढे एक लहान मूल मारले जाते. त्या तुटलेल्या क्षणात डेमन काय म्हणाला? प्रेक्षक आजही यावर वाद घालतात, आणि बखरीतील साक्षींवर वाचकाने जसा विचार करावा तसाच हा वाद आहे. असा तुटलेला क्षण ॲलिसेंटच्या वाट्याला आला असता तर ती कोण झाली असती, हे पाहण्यासारखे होते.

४

राजपात्र स्वहस्ते पाप करीत असेल तर पडद्याची ही तारांबळ उडत नाही, हे तुलनेसाठी नोंदवावे. सी. एस. लुइस यांच्या ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ (१९५०) मधील पांढरी चेटकीण स्वतःला नार्नियाची राणी म्हणवते, पण तिचे शस्त्र तिच्याच हातात असते. कांडी उगारली की समोरचा दगड होतो. अँड्र्यू ॲडमसन यांच्या २००५ सालच्या चित्रपटात टिल्डा स्विंटनने ती शांत, जवळजवळ कंटाळलेली अशी केली. लुइस यांचा मुलांशी गप्पा मारणारा निवेदक गेला, पण राणीला ना मेलेले मूल द्यावे लागले ना गैरसमज. उलट एक दुष्टपणा वाढवला: बर्फाच्या कोठडीत ती फॉनला सांगते की तुला याच मुलाने मिठाईसाठी विकले. हा प्रसंग कादंबरीत नाही आणि तो शोभून दिसतो. बालकथेतील राणीला निखळ दुष्ट राहण्याची मुभा आहे. मोठ्यांच्या कथेतील राणीला ती नाही.

पदव्युत्तर वर्गात आज या कादंबऱ्यांची चर्चा काढली तर अनेक विद्यार्थी मालिकेच्या वाटेने पुस्तकाकडे आलेले असतात. त्यांच्या मनात सर्सीचा चेहरा आधीच ठरलेला असतो आणि त्या चेहऱ्यावर एका मेलेल्या बाळाची छाया असते. असा विद्यार्थी चौथा खंड वाचू लागला की त्याला ही बाई अनोळखी वाटते आणि तो लेखकावर पात्र बिघडवल्याचा आरोप करतो. त्याला क्रम उलटा लावून दाखवणे, म्हणजे २००५ ची प्रकरणे आधी आणि २०११ चे दृश्य नंतर ठेवणे, हा निवेदनतंत्र शिकवण्याचा उपयुक्त मार्ग ठरू शकेल. दृष्टिबिंदू ही संज्ञा मराठी कादंबरीच्या आधारे शिकवताना जे सांगून पटत नाही, ते हरवलेल्या एका खुनाच्या शोधात चटकन पटते.

पाचव्या खंडाच्या अखेरीस कादंबरीतली सर्सी काही पापे कबूल करून आणि खुनाचे आरोप नाकारून राजवाड्यात परतली आहे. धर्मगुरूच्या आणि राजाच्या हत्येचा हुकूम तिचा होता की नाही, यावर तिचा न्याय व्हावयाचा आहे. मालिकेत तो न्याय झालाच नाही. न्यायमंदिरच उडवले गेले. सहावा खंड अद्याप प्रसिद्ध झालेला नाही, आणि कादंबरीतला खटला उभा आहे.